टिचकीबहाद्दर

ओहायोतला मराठी माणूस निवृत्त झाला की गोल्फ तरी खेळतो, नाहीतर नातवंडं सांभाळतो. टिचकीबहाद्दर यांपैकी काहीच करत नाही. शनिवारी सकाळी तो कुणा दिवंगत अमेरिकन आजीबाईंच्या घरी 'इस्टेट सेल'ला हजर असतो. सोफा, टीव्ही, झुंबर यांकडे ढुंकूनही न बघता थेट जेवणघरातल्या काचेच्या कपाटाशी जातो, उंच दांड्याचा पेला उचलतो, कडेला टिचकी मारतो आणि डोळे मिटतो. तंबोरा लावणाऱ्या गवयाचा असतो, तसा चेहरा.

टिचकीनंतर नख. कडेवरून ते सावकाश फिरतं. कुठे अडखळलं तर टवका उडालेला आहे, पेला परत जागेवर. मग खिशातून काळा कागद निघतो आणि पेल्यात जातो. नक्षी उठून दिसते. बोटाला खाच लागली तर ती चाकावर कापलेली. नुसता धुकट स्पर्श झाला तर एचिंग.

"वहिनी, ही नक्षी कोरलेली नाही, खाल्लेली आहे. आम्लानं!" हे तुमच्या घरच्या पंक्तीत, वरणभात निवत असताना. धातूच्या पत्र्यावरची नक्षी मेणाच्या शाईनं पातळ कागदावर उतरवायची, कागद पेल्यावर दाबून शाई काचेला द्यायची, बाकीची काच मेणानं झाकायची आणि पेला हायड्रोफ्लुरिक आम्लात बुडवायचा. जिथे मेण नाही तिथे आम्ल चावतं. हे सारं तो इतक्या चवीनं सांगतो, की लोणचं वाढायचं राहून जातं.

ओळख पटवणं हा त्याचा खरा प्रांत. न्यूअर्क गावच्या हायसी कंपनीची खूण म्हणजे चौकटच्या आकारात एच. ती सापडली की गडी हरखतो. मात्र हायसीच्या प्रत्येक नगावर ती नसते, हेही लगेच बजावतो. फॉस्टोरिया कंपनीचं तर बहुतेक काम कागदी लेबलावर, आणि ते लेबल घरच्या धुण्यातच जायचं. म्हणून दांडा आणि नक्षी यांची जोडी जुळवायची. 'नावार' आणि 'मेडो रोज' या फॉस्टोरियाच्या दोन फुलवाल्या नक्ष्यांत त्याच्या बायकोचा घोटाळा होतो, आणि त्याला तो घोर अपराध वाटतो. 'नावार' १९३६ ते १९८२, 'चिंट्झ' १९४० ते १९७३, हे त्याला पाठ. स्वतःच्या लग्नाचं सालही तो 'नावार बंद झालं ते वर्ष' म्हणूनच लक्षात ठेवतो. पुण्याहून सासुरवाडीची मंडळी आली की नायगारा नंतर, आधी न्यूअर्कचं हायसी संग्रहालय आणि मग केंब्रिज गावचं, त्याच नावाच्या काच कंपनीचं.

गंमत म्हणजे स्वारी दारूच्या थेंबाला शिवलेली नाही. घरात शॅम्पेनचे, क्लॅरेटचे, कॉर्डियलचे पेले ओळीनं उभे, आणि पाहुण्यांना सोलकढी कागदी कपात. "डाग पडतात हो." डिशवॉशरचं नाव काढलंत तर पाणीही मिळणार नाही. त्यात मात्र तो शंभर टक्के बरोबर आहे: डिशवॉशरनं काच कायमची धुरकटते, आणि धुरकट पेल्याला कोणी विचारत नाही.

भाव सांगताना तो ग्रीन्सबरोच्या 'रिप्लेसमेंट्स लिमिटेड'चा आकडा फेकतो. १९८१ साली सुरू झालेलं हे दुकान जुन्या संचातला फुटलेला एकेक नग भरून देतं. ज्याच्या बारातला एक फुटला, तो अडलेला माणूस तिथली किंमत मोजतो. अख्खे बारा विकायला निघालेल्याला ती कोण देणार? हायसी १९५७ साली बंद झाली, केंब्रिज १९५८ साली, फॉस्टोरिया १९८६ साली. कारखाने गेले म्हणून माल दुर्मिळ झाला, असा त्याचा हिशेब. पण त्या आजीबाईंच्या नातवंडांना हातानं धुवायची काच नको आहे, म्हणून तर ती शनिवारी विक्रीला निघते. आणि त्याच्या स्वतःच्या मुलानं तर फोनवर स्पष्टच सांगितलंय, "बाबा, आमच्याकडे जागा नाही."

तुमच्याकडे असे पेले असतील, तर मागितलेले भाव सोडा, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांचे भाव बघा. नक्षीचं नाव मात्र खुशाल टिचकीबहाद्दरालाच विचारा. माहिती पक्की आणि फुकट मिळेल. गिऱ्हाईक तेवढं तुमचं तुम्ही शोधायचं.