वनपर्व जरा आटोपतं घ्या!

प्रति,
महर्षी कृष्णद्वैपायन व्यास,
मु. पो. बदरिकाश्रम.

विषय : आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या पर्वाच्या मंद गतीबाबत.

महोदय,

साष्टांग दंडवत. जुन्या ग्रंथकारांना अभिप्राय कळवायची सोय नसते. आपण चिरंजीव असल्यामुळे ती आहे, म्हणून लाभ घेत आहोत.

आमच्या आळीत चातुर्मासात श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' लावायची रीत. 1712 सालचा ग्रंथ, 64 अध्यायांत अख्खं महाभारत खलास, श्रोते खूश. यंदा कोणाला तरी हौस आली आणि मूळ महाभारताचं मराठी भाषांतर लावलं. आदिपर्व पार पडलं. सभापर्वात द्यूताच्या रात्री तर कोणी चहालाही उठेना. भीमानं दुर्योधनाची मांडी फोडायची शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी मंडळी पोथी सोडायच्या आधीच येऊन बसली. आणि आपण काय केलंत? पांडवांना रानात धाडलंत आणि ऋषींना बोलतं केलंत. शपथ दुसऱ्या पर्वात, मांडी फुटणार नवव्यात. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत या एका वनपर्वाचे 299 अध्याय भरतात. श्रीधरस्वामींनी तेवढ्यात चार महाभारतं उरकून वर उपवास सोडला असता.

लोकांच्या प्रतिक्रिया जशाच्या तशा कळवतो. "अजून जंगलातच हायेत का बे ते?" हा प्रश्न रोज आरतीनंतर विचारला जातो. कृषी केंद्रवाले म्हणाले, "काहीच होऊन नाही राह्यलं ना जी! कपाशीचं वाण कितीही लांब मुदतीचं असो, बारा वर्षं नाही घेत." रिटायर झालेल्या कंडक्टरांची तक्रार तीर्थयात्रेची. अर्जुन पाच वर्षं स्वर्गात, आणि मागं राहिलेल्यांना लोमश ऋषी तीर्थामागून तीर्थ दाखवत फिरवतात. कंडक्टरांच्या मते हा भाग म्हणजे नुसती थांब्यांची यादी आहे, आणि ते हे अधिकारानं बोलतात.

पुण्याला शिकणारा एक भाचा सुट्टीत आला होता. त्यानं समजूत घातली की हे दुखणं जगभरचं आहे. रॉबर्ट जॉर्डन नावाच्या अमेरिकन लेखकाची 'व्हील ऑफ टाइम' ही 14 खंडांची मालिका. 2003 साली दहावा खंड आला, तर नवव्याच्या शेवटी मोठा प्रसंग घडला तेव्हा बाकीचे काय करत होते, हेच त्यात पानंच्या पानं. वाचक संतापले. जॉर्डन 2007 मध्ये वारले आणि उरलेलं काम ब्रँडन सँडरसन यांनी 2013 मध्ये तडीस नेलं. त्या दहाव्या खंडाला भाच्यानंही शिव्या घातल्या होत्या, म्हणे. पण वाचला सबंध, तोही दोनदा. हे दुसरं वाक्य त्यानं हळू आवाजात सांगितलं.

तर आम्ही ठरवलं की नुसती कुरकूर नको, ठोस सूचना पाठवू. कोणता भाग गाळावा, प्रत्येकानं सांगावं. इथंच घोळ झाला. कंडक्टर म्हणाले, सगळं काढा, पण भीमाला वाटेत म्हातारा हनुमान भेटतो आणि त्याला शेपूट उचलत नाही, तेवढं ठेवा. कृषी केंद्रवाल्यांना फक्त धर्मव्याध हवा. मांस विकणारा माणूस तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो, हे त्यांना दुकानदार म्हणून पटतं. गुरुजींना यक्षाचे प्रश्न हवेत, कारण तोंडी परीक्षेत नापास झालेले चार भाऊ मरून पडतात असा दाखला दुसरीकडं नाही. बायकांनी विचारलं, सावित्री काढली तर ज्येष्ठात वडाला सूत काय म्हणून गुंडाळायचं? सूचनांची बेरीज केली तेव्हा गाळायला तीर्थांची यादी तेवढी उरली. तर त्या यादीतल्या अगस्त्याच्या आश्रमात लोपामुद्रा निघाली. विदर्भाच्या राजाची लेक, अगस्त्यासारख्या ऋषीला आधी दागिने आणि माहेरासारखा पलंग मागणारी. माहेरच्या मुलीला कात्री कोण लावणार?

कात्री पुण्यात लागली आहे, हे आपल्या कानावर असेलच. भांडारकरच्या पंडितांनी देशभरची हस्तलिखितं ताडून पाहिली. वनपर्व स्वतः विष्णु सीताराम सुखटणकरांनी संपादलं. ते 1942 मध्ये निघालं आणि पुढच्याच वर्षी सुखटणकर गेले. या शोधनात द्रौपदीच्या थाळीची दुर्वासकथा परिशिष्टात गेली. आपण सांगत होता आणि गणपती लिहीत होता, ती गोष्टही तिकडंच. पंडितांचं बरोबरच असणार. पण ही बातमी गुरुजींनी सांगितली त्या संध्याकाळी बायकांच्या बाजूला बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "भांडी घासून पालथी घातली का पाहुणे येतातच. हे लिहायला व्यासच कायले पाहिजे? कोण्या बाईनंच लिहिलं असंल." महर्षी, यावर आपला खुलासा अपेक्षित आहे.

आता मुख्य तक्रार, नलोपाख्यानाची. दमयंतीही आमचीच, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यात वर्धेकाठचं कौंडण्यपूर ते हेच, असं आम्ही मानतो. तिच्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप अयोध्येला पोचलाय, सकाळपर्यंत विदर्भ गाठायचाय, सारथी बाहुक म्हणजे खुद्द नळ. रथ असा धावतोय की अयोध्येच्या राजाचं, ऋतुपर्णाचं, उपरणं पडलं तर नळ म्हणतो, राहिलं योजनभर मागं, आता मिळत नाही. श्रोते सरसावून बसले. आणि अशा वेळी राजा रथातून एक बेहडा पाहतो आणि त्याची पानं-फळं किती ते सांगतो! बरं, नळानं हो म्हणून पुढं जावं? तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळं मोजत बसतो. आमच्या भागात बेहड्याचं नवल नाही, पण बायको दुसरं लग्न करतेय आणि नवरा बेहडे मोजतोय, हे कोणी पाहिलेलं नाही. त्या रात्री पोथी बांधायची वेळ आली होती.

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी गणित सोडवून दाखवलं. मोजणी बरोबर निघाली म्हणून नळानं ती विद्या मागितली. ऋतुपर्णानं फाशांचं मर्म दिलं आणि नळाच्या अंगातून कली बाहेर पडला. ही गोष्ट बृहदश्व ऋषी सांगतात कोणाला, तर फाशांवर राज्य हरलेल्या युधिष्ठिराला. आणि उठताना तीच विद्या त्यालाही देऊन जातात. पुढच्या पर्वात युधिष्ठिर कंक होऊन विराटाच्या दरबारात बसतो तो फासे टाकणारा म्हणूनच. बारा वर्षांत काहीच घडलं नाही म्हणणारे आम्ही सगळे तेव्हा सतरंजीच्या कडा नीट करू लागलो.

पण तक्रार मागं घेतलेली नाही. ठरावावर सह्या झाल्या आहेत आणि झालेल्या सह्या खोडायची गावात पद्धत नाही. सबब विनंती की, पर्व आटोपतं घेणं जमत नसेल तर निदान कीचकवध कोणत्या आठवड्यात येतो ते उलटटपाली कळवावं. सोयाबीनची काढणी त्याच सुमारास निघते आणि मजूर आगाऊ सांगावे लागतात.

कळावे.

आपले,
वनपर्वात अडकलेले श्रोते,
फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ.

ता. क. : दुर्वासांची गोष्ट आम्ही वाचणार आहोत. परिशिष्टातून का होईना.