बाथसॉल्टवाल्या वहिनी

प्रत्येक सोसायटीत एक तरी वहिनी अशी असते, जिला विकतच्या वस्तूंचा मनापासून राग असतो. दुकानात एखादी गोष्ट आवडली की ती उलटसुलट करून बघते, किंमत वाचते, "एवढं आहे तरी काय ह्यात?" म्हणते आणि परत जागेवर ठेवते. घरच्यांनी तिथेच सावध व्हावं, कारण आता त्या वस्तूचं उत्पादन स्वयंपाकघरात सुरू होणार असतं. आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या वहिनींनी मेणबत्त्या केल्या, चॉकलेटं केली, कागदाच्या सुरळ्यांची कानातली केली, लॉकडाउनमध्ये साबण केले. हल्ली त्या बाथसॉल्ट करतात.

बाथसॉल्ट टबात घालायचं असतं. आमच्या अख्ख्या इमारतीत टब नाही. बाथरूममध्ये गीझर, बादली आणि माणूस एवढे मावले की साबणाने बाहेर थांबावं, अशी परिस्थिती. पण वहिनी अडल्या नाहीत. टबात साधारण 150 लिटर पाणी, त्याला दीड कप. तर 20 लिटरच्या बादलीला किती? हे त्रैराशिक सोडवून त्यांनी "3 मोठे चमचे" हे उत्तर लेबलवरच छापलं.

कृती तशी सोपी. एप्सम सॉल्ट, सैंधव, खडेमीठ, थोडा खाण्याचा सोडा, वरून सुगंधी तेलाचे थेंब आणि शोभेला गुलाबाच्या वाळक्या पाकळ्या. अवघड असतं ते वहिनींकडून ऐकून घेणं. एप्सम हे लंडनजवळचं गाव, सतराव्या शतकात तिथल्या झऱ्याचं कडू पाणी प्रसिद्ध झालं, 1698 मध्ये नेहेमाया ग्रू नावाच्या डॉक्टरने ते मीठ बनवण्याचं पेटंट घेतलं, असं सगळं त्या दारात उभं राहून सांगतात. दादा आतून पेपरच्या आडून पुस्ती जोडतात, "लोक तिथे आंघोळीला नाही, जुलाबाला जायचे." दुर्दैवाने हे खरं आहे. रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स 1667 च्या जुलैमध्ये तिथे जाऊन चार पिंट पाणी प्यायला आणि परिणामांची रीतसर नोंद करून ठेवली. वहिनींचे नाशिककडचे दीर तर हेच मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, पोत्याने आणून द्राक्षबागेला घालतात, पानं पिवळी पडू नयेत म्हणून. त्यांनी वहिनींच्या छोट्या बाटलीची किंमत ऐकली आणि पोत्याचा हिशेब करत बराच वेळ गप्प बसले.

सैंधवाची कथा वेगळीच. 2025 पर्यंत ते यायचं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून, पण बाटलीवर नाव हिमालयाचं. गुलाबी रंग लोहाचा. सासूबाईंचं त्याच्याशी नातं फक्त उपवासाचं. एका चतुर्थीला उपवासाचा डबा रिकामा निघाला आणि सगळं सैंधव लॅव्हेंडरच्या वासात न्हाऊन बाथरूममध्ये जाऊन बसल्याचं कळलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मीठ-मोहऱ्या माणसावरून ओवाळून टाकतात ग, त्यात माणसाला बुडवत नाहीत." त्यांच्या मते आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी आणि वाळा घातलेलं उटणं नरकचतुर्दशीला पहाटे एकदा अंगाला चोळलं की वर्षभराची सुगंधाची जबाबदारी संपते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी बाथसॉल्टचंच वाण लुटलं. बाटल्या अर्थात घरच्याच, धुऊन वाळवलेल्या, गळ्यात सुतळीचा बो. पण काचेच्या बाटलीच्या झाकणाला लोणचं विसरता येत नाही. झाकण उघडलं की आधी लॅव्हेंडर यायचं आणि त्याच्या खांद्यावरून कैरी डोकवायची.

आमच्याही घरी एक बाटली आली. तीन मोठे चमचे मोजून बादलीत घातले. मीठ विरघळलं, तेल कसं विरघळणार? ते चकचकीत चकत्या होऊन वर तरंगत राहिलं. पहिल्या मगात सगळा बगीचा डोक्यावर आला, शेवटच्या मगाला महापालिकेचं साधं पाणी. पाकळ्या ओल्या झाल्याबरोबर गुलाबी रंग सोडून चहाच्या चोथ्यासारख्या झाल्या. दोन पाठीला चिकटल्या, बाकीच्या मोरीच्या जाळीवर जाऊन बसल्या. फरशी अशी निसरडी झाली की टॉवेलपर्यंतचा प्रवास भिंत धरून करावा लागला.

वहिनींना सांगितलं तर त्या खचत नाहीत. वही काढून लिहून घेतात. पुढच्या खेपेला तेल आधी खोबरेलात कालवलं आणि पाकळ्या पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून दिल्या. पावसाळ्यात खडेमिठाने हवेतलं पाणी ओढून घेतलं आणि सगळा माल बाटल्यांत दगड झाला, तेव्हा तो बत्त्याने फोडून "पावसाळी खडा" म्हणून महिला मंडळाच्या प्रदर्शनात मांडला. तोही खपला. मला ह्या बाईंचं खरं कौतुक वाटतं ते इथे. नफ्याचं विचाराल तर बाटल्या, सुतळी, लेबलं आणि फुकट वाटलेला माल धरला की वहिनी दर महिन्याला दादांच्या पेन्शनच्या थोड्या जवळ जातात.

दादांची मात्र तक्रार नाही. प्रत्येक नवा वास वहिनी आधी त्यांच्यावर चालवून बघतात. संध्याकाळी क्रिकेट लागलं की दादा प्लॅस्टिकच्या घमेल्यात पाय सोडून बसतात. कधी मोगरा, कधी वाळा. विकेट पडली की पाय आपटतात आणि वहिनी फडकं घेऊन येतात. मॅग्नेशियम कातडीतून अंगात मुरतं ह्याला भक्कम पुरावा नाही, पाय हलके होतात ते मुख्यतः ऊन पाण्याने, असं मी एकदा दादांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ऊन पाणी मी मागितलं असतं तर मिळालं असतं का?"

तेव्हा तुमच्याकडे अशी बाटली आली तर ती बादलीत घालू नका. घमेल्यात घोट्यापर्यंत सोसवेल इतकं ऊन पाणी घ्या, मूठभर मीठ घाला आणि पाव तास पाय सोडून बसा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा. वासाला नावं ठेवू नका, पैसे विचारून द्या. आणि रिकामी बाटली झाकणासकट परत करा. वहिनींनी आता उटण्याचं मनावर घेतलंय.