दादांचं वाहन संशोधन केंद्र

नगरमध्ये वाहनांवर संशोधन करणाऱ्या संस्था दोन. पहिली संरक्षण खात्याची. फाळणीच्या वेळी ती चकलाल्याहून इथं आली, आज तिला व्हीआरडीई म्हणतात आणि तिचा पत्ताच वाहननगर आहे. दुसरी संस्था केडगावपासून नेप्ती नाक्यापर्यंत कुठल्याही पत्र्याच्या शेडमध्ये भरते. तिचे संचालक, शास्त्रज्ञ आणि चाचणीचालक दादा एकटेच. कधीकधी चाचणीचा निकालही तेच असतात.

पहिल्या संस्थेचा कारभार फार संथ. मोटार वाहन नियमावलीचा नियम १२६ असा आहे, की कंपनीनं नव्या गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा. त्या संस्थांच्या यादीत आपली व्हीआरडीई आहे. मग गाडी ट्रॅकवर पळवा, ब्रेक मारा, मोजा, कागद करा, पुन्हा मोजा. दादांच्या संस्थेत हे सगळं दुपारच्या चहाआधी आटोपतं. गाडी जॅकवर घ्यायची, चाक उतरवायचं, हब आणि चाकाच्या मधे ॲल्युमिनियमची जाड चकती बसवायची आणि चाक परत चढवायचं. या चकतीचं नाव स्पेसर. एकेका बाजूला तीस मिलिमीटरची चकती घातली की गाडी साठ मिलिमीटरनं रुंद होते आणि टायर मडगार्डच्या बाहेर येऊन गावाला रामराम घालतात. जिल्ह्याचं नाव बदलायचं तर २०२४ साली मंत्रिमंडळाचा ठराव लागला, वर दिल्लीची मंजुरी लागली. दादांना एक व्हीलपाना पुरतो.

यात शास्त्र अजिबात नाही असं समजू नका. विचारलं की दादा सांगतात, ‘गाडी रोडला चिकटून चालते.’ हे थोडंफार खरंही आहे. चाकांमधलं अंतर वाढलं की वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जरा कमी ढकललं जातं. आपल्या जिल्ह्यात तर ही विद्या जुनी आहे. ट्रॅक्टरची मागची चाकं सरीच्या अंतराप्रमाणे रिम उलटसुलट बसवून आत-बाहेर घेतात, हे कोपरगावपासून कर्जतपर्यंत कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. फरक एवढाच की ती सोय कंपनीनं स्वतः ठेवलेली असते आणि कुठली रिम कशी बसवली की किती अंतर मिळतं, हे ट्रॅक्टरच्या पुस्तकात छापलेलं असतं. दादांचं पुस्तक म्हणजे रील. ती साठ सेकंदांत संपते, आणि बेअरिंगचा विषय एकसष्टाव्या सेकंदाला सुरू होतो.

भरलेली घागर कडेवर घेणं वेगळं आणि हात लांब करून धरणं वेगळं. चकती घातली की बेअरिंगला दुसऱ्या प्रकारानं पाणी भरावं लागतं. स्टेअरिंगचंही तेच. पुढचं चाक बाहेर गेलं की एकाच बाजूचं चाक खड्ड्यात आदळल्यावर स्टेअरिंग हातात जोरानं फिरू बघतं. नगर-मनमाड रस्त्यावर असा खड्डा शोधायला फार पेट्रोल जाळावं लागत नाही. शिवाय मडगार्डबाहेरचा टायर चिखल आणि खडी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडवतो. पण तो दुचाकीवाला दादांच्या संशोधनाचा भाग नाही.

खरी गंमत नट-बोल्टात आहे. चाक हबला धरून ठेवतं ते नटांच्या आवळपणानं. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसलेले असतात, म्हणून. मधे चकती आली की दाबून बसायच्या जागा एकीच्या दोन होतात, आणि दोन्हीकडे गंज, रंग किंवा धूळ असायला वाव मिळतो. नुसती सरकवून बसवायची चकती असेल तर ती जेवढी जाड, तेवढे स्टडचे आटे नटाला कमी मिळतात. साधा हिशोब असा, की बारा मिलिमीटरच्या स्टडवर निदान बारा मिलिमीटर आटे नटात गेले पाहिजेत. आटे दीड मिलिमीटरचे असतील तर नटाचे आठ पूर्ण फेरे बसायला हवेत. दादांच्या संस्थेत फेरे मोजत नाहीत. तिथं ‘बसला’ आणि ‘नाही बसला’ अशा दोनच श्रेणी आहेत.

जाड चकत्यांना स्वतःचे स्टड असतात. म्हणजे आधी चकती हबला आवळायची, मग चाक चकतीला. आतले नट चाकाखाली झाकले जातात. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर चाक काढून तेही पुन्हा पुस्तकातल्या मापानं आवळावेत, असं चकती बनवणारे सांगतात. इथं बाहेरचे नट हवेच्या गननं ताणलेले असतात आणि आतले नट देवाच्या भरवशावर. मिस्त्रींना टॉर्क रेंच कुठाय विचारलं तर ते स्वतःच्या दंडाकडे बोट दाखवतात. आणि चकतीचं मधलं भोक हबवर नेमकं बसलं नाही, तर चाक अगदी किंचित वाकडं फिरतं आणि गाडी ऐंशीच्या पुढं थरथरू लागते. दादांच्या मते तो इंजिनाचा पॉवर असतो.

आता कायदा. या संस्थेला विधी सल्लागारही आहेत. ते बहुधा दादांचे मेव्हणे असतात. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीपत्रातला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकानं करू नये. मेव्हणे आरसी समोर ठेवतात: रंग आहे, वजन आहे, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आहे, पण डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर कुठं लिहिलंय? मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम वाचलं ते मेव्हण्यांसारखं वाचलं नाही. गाडी कंपनीनं ठरवली तशीच राहिली पाहिजे, राज्याच्या नियमांचा आडोसा घेऊन तिचा मूळ साचा बदलता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. त्याच वर्षी कायद्यातलं कलम १८२अ नव्यानं लिहिलं गेलं. परवानगीबाहेर सुटे भाग जोडून गाडी बदलणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. चार चकत्या म्हणजे एक बदल की चार, यावर मेव्हण्यांचा अभ्यास चालू आहे.

बदलाला रस्ताच नाही असंही नाही. सीएनजीचं मान्यताप्राप्त किट बसवून आरटीओत नोंद करता येते. जर्मनीत तर स्पेसरसुद्धा लावता येतात. फक्त त्या चकतीला तपासणीचा कागद लागतो आणि अनेकदा गाडीही तज्ज्ञाला दाखवून कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते. म्हणजे चकतीचा गुन्हा काही नाही. बाजारातून पिशवीत आलेल्या, धातू कुठला ते कुणालाच माहीत नसलेल्या आणि कुणीही न तपासलेल्या चकतीवर चारचौघांना बसवून माळशेज उतरणं, हा गुन्हा आहे. आणि हे सगळं कुठं, तर जिथं लष्कराच्या गाड्याही तपासल्याशिवाय पुढं जात नाहीत त्या गावात.

पोलिसांना काळी काच लांबून दिसते, नंबरप्लेटवरचा ‘दादा’ही दिसतो. चाकाच्या पोटातली चकती दिसत नाही. ती दिसते विम्याच्या सर्व्हेअरला, अपघातानंतर. कंपनीला न कळवता केलेला बदल म्हणजे क्लेम नाकारायला आयतं कारण. त्या दिवशी मेव्हणे फोन उचलत नाहीत.

तोवर दादांना गाडीचा कंटाळाही आलेला असतो आणि ती विकायला निघते. तेव्हा वाचकहो, एवढं करा: टायर मडगार्डबाहेर आलेली जुनी गाडी घेत असाल तर बयाणा देण्याआधी चारही चाकं काढून बघा. आत चकती सापडली तर ती काढायला लावा आणि नव्या स्टडचा, नव्या बेअरिंगचा खर्च किमतीतून वळता करा.