गाल भरू द्या

ताडकळसात कुणाचा गोऱ्हा कधी बडवायचा असा प्रश्न पडला की आबांना बोलावणं जातं. आबा येतात, चहा नको म्हणतात, मग दोन कप पितात. गोऱ्ह्याचा खालचा ओठ ओढून दात बघतात आणि निकाल देतात : "दोनदाती झालाय. औंदा मान भरू द्या. दिवाळीनंतर चिमटा लावा." विषय संपला. त्यावर मालक बोलत नाही आणि गुरांचे डॉक्टरही बोलत नाहीत. लवकर उरकलं तर वशिंड उठत नाही, मान बारीक राहते, औताला दम निघत नाही. उशीर झाला तर माज अंगात मुरतो आणि बैल जू घेऊन शेजारच्या गाईमागं पळतो. या दोन चुकांच्या मधली नेमकी वेळ आबांना कळते. पूर्वी हे काम खरोखरच बडवून करत, आता दवाखान्यात चिमटा आहे. त्या चिमट्याला एका इटालियन डॉक्टरचं नाव आहे हे आबांना ठाऊक नाही. असतं तर त्यालाही त्यांनी वेळेबद्दल दोन गोष्टी सुनावल्या असत्या.

असा हा माणूस 2023 च्या पाडव्याला मांजराच्या तीन पिल्लांपुढं गारद झाला.

मांजर पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात. हिनं बाकीची सहा वगळली आणि सरळ आबांच्या पलंगाखाली, सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यावर बिऱ्हाड मांडलं. पिल्लांचे डोळे उघडले तेव्हा आबांनी त्यांची नावं ठेवली, तीही गोठ्यातली : तांबडा तो कंधाऱ्या, ठिपक्यांचा तो कवड्या आणि राखी तो भुऱ्या. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा माझा पुतण्या सुटीवर आला होता. त्यानं एकेकाची शेपटी वर करून पाहिली. खालच्या दोन ठिपक्यांत अंतर जास्त असलं तर बोका, कमी असलं तर भाटी. "तिन्ही बोके," तो म्हणाला. "तांबडा तर बहुतेक बोकाच निघतो, पाचात चार."

"म्हणजे तीन गोऱ्हे," आबा खूश झाले.

"मग बडवायचे कधी?" काकूंनी विचारलं. काकूंना मागच्या वर्षीचा गावठी बोका आठवत होता. त्यानं दुधाचं पातेलं, शेजारणीची भाटी आणि रात्रीची झोप यातलं काहीच सोडलं नव्हतं.

पुतण्या उत्साहानं सांगू लागला. बोका पाच-सहा महिन्यांत वयात येतो. त्याआधी शस्त्रक्रिया केली तर वासाच्या मुताची सवयच लागत नाही, मारामाऱ्या कमी होतात, लांब भटकणं कमी होतं. 2016 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या एका गटानं पाच महिन्यांच्या आतच करा असं ठरवलं.

इथं तो चुकला. अमेरिकेचं नाव काढायला नको होतं.

"बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेनं मिलो धाडला हुता," आबा म्हणाले. "लाल ज्वारी. भाकर थापली की फुटायची. अजून पोटात दुखतंय. त्यांचं ऐकून लेकराला हात लावू व्हय?"

"आबा, आमचं कॉलेजही बहात्तरचंच आहे," पुतण्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"मग दुष्काळातलंच ते."

तरी आबांनी शास्त्र सोडलं नाही. वेळ ठरवायची तर दात बघायला हवेत. पिल्लं साडेतीन महिन्यांची झाली तेव्हा त्यांनी कंधाऱ्याला मांडीवर घेतलं आणि खालचा ओठ ओढला. पद्धत चूक नव्हती. मांजराचेही दुधाचे दात याच सुमारास पडू लागतात आणि सहा महिन्यांपर्यंत नवे सुळे बाहेर येतात. कंधाऱ्यानं जुने आणि नवे, जेवढे होते तेवढे सगळे आबांच्या अंगठ्यात रोवून दाखवले. अंगठ्याला हळद लावत आबा म्हणाले, "आदतच हाय अजून. गाल भरू द्या."

मी हसलो. वयात आलेल्या बोक्याचे गाल खरंच भरतात, तो नरपणाचाच गुण. पण आबांना बैलाची मान डोळ्यांपुढं होती. "आबा, याला काय औत ओढायचंय?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं जातिवंत बैलाला भाव पाडून मागणाऱ्या दलालाकडं बघतात.

खरं कारण वेगळं होतं, ते एका संध्याकाळी निघालं. आणीबाणी आली तेव्हा आबांचं लग्नही झालेलं नव्हतं. तरी नसबंदीवाले गावात आल्याची आवई उठली आणि आबा दोन रात्री तुरीत बसून राहिले. 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते तिथंच राहिलं. आबांच्या मते मात्र ते विधेयक अजून कुठल्यातरी टपालात आहे. पुतण्यानं समजावलं की बोक्याची नस बांधत नाहीत, अंडकोषच काढतात. नुसती नस बांधली तर पिल्लं थांबतील, फवारणी आणि भांडणं चालूच राहतील. हे ऐकून आबांनी कंधाऱ्याला उपरण्याखाली घेतलं.

त्यानंतर कॅलेंडर निघालं. एरवी पाडव्याचं पिल्लू पोळ्याला बरोबर पाच महिन्यांचं होतं. अमेरिकेचा हिशेब आणि आपलं पंचांग इतकं जुळल्यावर वाद उरायलाच नको होता. पण त्या साली अधिक श्रावण आला. 18 जुलैला महिना लागला आणि आबांच्या जिवात जीव आला.

"धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे खाऊ घालतात," ते काकूंना म्हणाले, "आणि तू लेकरांना चिमटा लावायला निघालीस."

अधिक सरला. मग निज श्रावण, उपासतापास. मग पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करताना आबा बैलांच्या मानेला लोणी-हळद चोळत होते. दुसऱ्या दिवशी आपण ज्याला झूल घालून ओवाळतो, पुरणपोळी भरवतो, तो झाडून सगळा बडवलेलाच असतो, हे मी त्यांना सुचवून पाहिलं. आबांनी हात थांबवला, विचार केला आणि म्हणाले, "ते वेगळं."

पोळ्यापर्यंत बोके सहा महिन्यांना टेकले होते. रानात सोयाबीनवर फवारणी संपत आली तेव्हा घरात ती सुरू झाली. भुऱ्यानं ज्वारीच्या कणगीवर, कवड्यानं दाराच्या चौकटीवर आणि कंधाऱ्यानं आबांच्या धुतलेल्या धोतरावर शेपटी थरथरवत आपापला सातबारा नोंदवला. ते धोतर नेसून आबा एका तेराव्याला गेले. पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. शोक फार झाला म्हणून लोक जेवत नाहीत, असा आबांचा समज झाला.

मग गौरींच्या जेवणादिवशी कंधाऱ्या गेला. आबा बॅटरी घेऊन आठ रात्री हिंडले. नवव्या दिवशी तो आला तो डावा कान फाटलेला, मागचा पाय धरलेला आणि मानेवर दुसऱ्या कुणाच्यातरी सुळ्यांचे ठसे घेऊन. मी म्हटलं, आबा, आता तरी. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. "असल्या अवस्थेत? आधी जखमा भरू द्या. मग गाल भरू द्या. आन् आता पितृपक्ष लागलाय."

काकू काही बोलल्या नाहीत. आठवडाभरात जखमा सुकल्या. एके सकाळी आबा कुणाचातरी गोऱ्हा बघायला पलीकडच्या वस्तीवर गेले आणि काकूंनी कोंबड्यांचं डालगं उतरवलं. खाली जुनं पातळ, वर गोणपाट, सुतळीची गाठ आणि आत तीन बोके. मला म्हणाल्या, "बाबा, एक बाजू धर." परभणीपर्यंत डालगं आमच्या दोघांच्या मांडीवर होतं. कंधाऱ्या सबंध वाट एका सुरात रडला. मागच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "लहान हाय का वो?" काकू म्हणाल्या, "हो, लाडावलंय."

कॉलेजच्या दवाखान्यात पुतण्या उभाच होता. आधी वजनं झाली, मग भुलीची इंजेक्शनं. बोक्याचं काम भाटीपेक्षा सोपं, पोट फाडावं लागत नाही. तिघांचं मिळून आमच्या डब्यातली पिठलं-भाकरी खाऊन होईतो उरकलं. अजून महिनाभर तरी भाट्यांपासून लांब ठेवा, पुतण्या म्हणाला, आधीची शिल्लक असते. आणि खायला बेतानं घाला, आता अंग धरतील.

संध्याकाळी आबा घरी आले तेव्हा तिघंही ओसरीवर ताडी प्यायल्यासारखे झुलत चालत होते. कवड्या भिंतीला धडकून बसला. कंधाऱ्या आबांच्या पायापाशी आला आणि तिथंच आडवा झाला. आबांनी काकूंकडं पाहिलं, रिकाम्या डालग्याकडं पाहिलं, मग वाकून कंधाऱ्याच्या शेपटीखाली बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी विषय काढला. आबांनी चहा नको म्हटलं, मग घेतला.

"बोक्याचं काम पितृपक्षातच काढावं," ते म्हणाले. "दवाखान्यात गर्दी नसते."