राजघराण्यात दीर्घायुषी कसे व्हावे?

युरोपातल्या राजघराण्यात जन्मून म्हातारपण पाहायची हौस असेल, तर तयारी आईवडिलांच्या निवडीपासूनच करावी. स्पेनच्या दुसऱ्या कार्लोसला हे जमलं नाही. त्याचे वडील चौथे फिलिप यांनी सख्ख्या भाचीशी लग्न केलं होतं, त्यामुळे कार्लोसची आजी हीच त्याची आत्या. राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून हाब्सबुर्ग मंडळी पिढ्यानपिढ्या घरातच सोयरिकी जुळवत. कार्लोसचा जबडा एवढा पुढे आला होता की घास चावणं मुश्कील. दोन लग्नं झाली, मूल नाही. 1700 मध्ये, 38व्या वर्षी तो वारला आणि राज्य घराबाहेर गेलंच.

आईवडील बरे मिळाले, तर पुढे सांभाळायचं ते राजवैद्यांना.

गरिबाला वैद्य परवडत नसे, ही त्याची सोय होती. राजपुत्राला ती नव्हती. 1712च्या फेब्रुवारीत व्हर्सायच्या दरबारात गोवर शिरला. चौदाव्या लुईची नातसून गेली, सहाच दिवसांनी नातू गेला. मग त्यांच्या दोन्ही मुलांना गोवर निघाला. वैद्यांनी पाच वर्षांच्या थोरल्याच्या शिरा उघडून रक्त काढलं, तो दगावला. धाकटा दोन वर्षांचा. त्याची दाई मादाम द व्हाँतादूर हिने मात्र वैद्यांना पोराच्या अंगाला हात लावू दिला नाही. पोर जगलं आणि पुढे पंधरावा लुई म्हणून जवळजवळ 59 वर्षं गादीवर बसलं. इच्छुकांनी वैद्याआधी अशी खमकी दाई नेमावी.

शस्त्रक्रिया टळतच नसेल, तर आधी दुसऱ्यांवर करून पाहावी. 1686 मध्ये चौदाव्या लुईचं भगंदर कापण्यापूर्वी शल्यवैद्य फेलिक्सने कित्येक महिने गरीब रुग्णांवर हात बसवून घेतला. राजा बरा झाला आणि 77व्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना वारला. त्या गरिबांची नावं दरबाराने जपली नाहीत.

देवीवर एकच उपाय: टोचून घेणे. पंधराव्या लुईने तो केला नाही आणि 1774 मध्ये देवीनेच मेला. रशियाची कॅथरिन शहाणी. 1768 मध्ये तिने इंग्लंडहून थॉमस डिम्सडेल यांना बोलावलं. काही विपरीत घडलं तर डॉक्टरांना जीव घेऊन पळता यावं म्हणून वाटेवर घोड्यांची सोयही करून ठेवली, असं सांगतात. घोडे लागले नाहीत. डिम्सडेल 10,000 पौंड, सालाना 500 पौंडांचं निवृत्तिवेतन आणि बॅरनची पदवी घेऊन घरी परतले.