मागच्या चाकांचे वकीलपत्र

खानदेशची काळी जमीन कपाशीला मानवते हे क्रमिक पुस्तकात छापलेले असते. परंतु तीच माती ट्रॅक्टरांच्या नि बैलगाड्यांच्या चाकांनी शेतातून आणून डांबरी सडकेवर पसरावी, तिच्यावर मृगाची एक सर पडून जावी, आणि मग एखाद्या बलदंड मोटारीने तिच्यावरून दिमाखाने निघण्याचा संकल्प सोडावा, म्हणजे त्या मोटारीची जी त्रेधा उडते तिचे वर्णन करण्यास पुस्तककर्ते धजलेले नाहीत. धुळ्याहून जळगावास जाण्याचा योग एका वकील स्नेह्यांच्या मोटारीतून आल्यामुळे ते कर्तव्य माझ्याकडे आले आहे.

गावोगावी जकात जिवंत होती त्या काळची ही हकीकत. मॉरिस ऑक्सफर्डच्या कुळात जन्मलेल्या आणि अंमलदारांना संथपणे दौऱ्यावर नेण्यात जिची हयात गेली अशा अँबॅसडरच्या उदरात, १४८९ सीसीच्या जुन्या एंजिनाऐवजी इसुझूचे १८१७ सीसीचे एंजिन आणि पाच गिअरांची पेटी येऊ लागली होती. वकीलसाहेबांनी ही नवी मोटार घेतली खरी. पण त्यांच्या उजव्या पायाला या स्थित्यंतराची नोटीस रीतसर बजावली गेली नव्हती. कॅप्टन ब्रिग्ज याने १८१९ साली आखलेल्या धुळ्याच्या पेठेतील रस्ते सरळ आहेत, आणि सरळ रस्ता दिसला की साहेबांचा पाय आपोआप खाली जाई. मागची चाके किंचाळत, रबराचा वास सुटे, आणि मोटार तेवढी जागच्या जागी विचार करीत राही.

मुंबई-आग्रा रस्त्यावरील एका मिस्त्रीने गाडीखाली आडवे होऊन केलेली मीमांसा मला आजही शास्त्रशुद्ध वाटते. क्लच झटकन सोडला की मागचा आस उलट्या अंगाने पिळला जातो, त्याला धरून ठेवणारे पाटे नागमोडी वाकतात, लगेच सरळ होतात, आणि या वाकण्या-सरळ होण्याच्या धांदलीत चाके रस्ता सोडून टणाटण उड्या मारतात. त्याने आसापासून पाट्याच्या पुढच्या टोकापर्यंत एकेक लोखंडी दांडी वेल्डिंग करून बसवली, तेव्हा उड्या थांबल्या. पण हात पुसता पुसता तो म्हणाला, "साहेब, इंजिनमा जोर बक्कळ शे, पन मांगे वजनच नई. मंग चाक जागावरच फिरी ना!" घर्षण हे चाकावरील भाराच्या प्रमाणात असते, हा सिद्धांत याहून थोडक्यात मांडलेला मी तरी वाचलेला नाही. वकीलसाहेबांनी मात्र तो 'ऐकीव पुरावा' म्हणून फेटाळला आणि आम्ही निघालो.

फागणे मागे पडले, मुकटी मागे पडली. पारोळ्याच्या अलीकडे समोरून आलेल्या ट्रकला वाट देण्यासाठी आमची डावी चाके साइडपट्टीवर उतरली आणि तिथेच राहिली. मागच्या आसाच्या मध्यभागी डिफरन्शियल म्हणून जी चीज असते, ती दोन्ही चाकांना जोर समसमान वाटते. त्यामुळे एक चाक चिखलात गेले की त्याला पेलवेल तेवढाच जोर दुसऱ्याच्याही वाट्याला येतो, आणि सडकेवरचे सशक्त चाक स्वस्थ बसून चिखलातले दुबळे चाक गरगर फिरत असलेले पाहते. दिवाणी कोर्टात उभी हयात घालवलेल्या वकीलसाहेबांना या न्यायदानात नवल वाटले नाही; त्यांनी फक्त अपील म्हणून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला आणि चाक आणखी वीतभर खाली गेले.

एव्हाना शेजारच्या शिवारातून पंच जमले होते. एका उत्साही पोराने चाकाखाली केळीची पाने घातली. ज्या जिल्ह्यात केळी इतकी पिकते तेथे तिच्या निसरडेपणाची जाण जन्मजात असावी अशी माझी समजूत होती, ती चाकाने ती पाने थेट माझ्या धोतरावर भिरकावून दुरुस्त केली. मग एका वृद्ध पाटलांनी सूत्रे हाती घेतली. पानांऐवजी पऱ्हाट्या आल्या, टायरांतली थोडी हवा गेली, फिरणाऱ्या चाकाला आवर बसावा म्हणून हँडब्रेक अर्धवट ओढण्यात आला, पहिल्याऐवजी दुसरा गिअर पडला, आणि "डिकीवर बठी जा रे!" या हुकमासरशी चार दणकट पंच मागे चढून बसले. मोटार एखाद्या आज्ञाधारक म्हशीसारखी वर आली.

मिस्त्रीचा सिद्धांत आता शाबीत झाला होता, आणि शाबीत झालेल्या गोष्टीचा अतिरेक करणे हा वकिलीचा धर्मच असल्याने पारोळ्यात सरकीच्या ढेपेची तीन पोती खरेदी होऊन डिकीत गेली. चाके रस्त्याला अशी बिलगली की वकीलसाहेब एरंडोलपर्यंत गुणगुणत होते. अंधार पडल्यावर मात्र ध्यानात आले की मागे बसकण मारलेल्या मोटारीचे नाक वर उचलले गेले असून दिवे सडक सोडून कडुनिंबांचे शेंडे उजळीत आहेत. समोरचे ट्रकवाले डोळ्यांवर हात धरून आमच्या पूर्वजांचा उद्धार करीत होते. सुकाणूही पुढचा भार कमी झाल्यामुळे हलके, जरासे बेपर्वा झाले होते. तशाच अवस्थेत पाळधी गेली, बांभोरीचा गिरणेवरचा पूल गेला आणि जळगावच्या वेशीवर नाकेदाराने कंदील दाखवला.

"डिकीत काय माल आहे?"

"माल नाही," वकीलसाहेब खाली उतरून म्हणाले. "जो विकण्यासाठी आणला तो माल. ही पोती मागच्या चाकांचा अवयव आहेत."

"मग गाडीच्या आर.सी. बुकात ढेपेची नोंद दाखवा."

अशा बिनतोड उलटतपासणीस वकीलसाहेब सरावलेले नसावेत. त्यांनी प्रात्यक्षिकाचा अर्ज केला, तो तोंडी मंजूर झाला, हमालाने तिन्ही पोती खाली उतरवली, आणि नाक्यासमोरच्या ओल्या मातीत साहेबांनी आपला उजवा पाय सर्व शक्तीनिशी दाबला. चाक फिरले. मोटार हलली नाही. नाकेदाराचा शुभ्र सदरा मात्र कॉलरपासून खिशापर्यंत खानदेशच्या सुपीक मृत्तिकेने मंडित झाला.

त्याने चेहरा पुसला, दप्तर उघडले, आणि 'मालाचा तपशील' या रकान्यात स्वच्छ मोडी वळणाच्या अक्षरात 'मागील चाकांचे अवयव, पोती तीन' अशी नोंद करून जकात ढेपेच्या दराने वसूल केली.