घरगुती फराळाचे अष्टप्रधान मंडळ

कांदिवली पश्चिमेस, चारकोपच्या सेक्टरांत, जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने १९८० च्या दशकात आखून दिलेल्या लहानशा भूखंडांवर आज जी मजल्यावर मजला चढवलेली घरे उभी आहेत, त्यांतील किती घरांत चकली, चिवडा आणि करंजी यांचा व्यवसाय चालतो याची नोंद कोणत्याही दप्तरी नसली, तरी नवरात्र बसल्यापासून गल्लीत दरवळणारा तळणाचा वास ही त्याची पुरेशी साक्ष मानावयास हरकत नाही. या व्यवसायांत माल उत्तम असतो, गिऱ्हाईक बांधलेले असते, कष्टांची तर ददातच नसते. उणीव असते ती केवळ नेतृत्वाची. ज्या घरात पत्नी पहाटेपासून कढईपुढे उभी असते आणि पती शेजारी बसून निमूटपणे सोऱ्या दाबीत असतो, त्या घराचा उत्कर्ष दुर्घट समजावा, कारण तेथे दोघेही काम करीत असून धोरण ठरविण्यास कोणीच मोकळे नाही. प्रस्तुत मार्गदर्शन अशा धन्यांस सोऱ्यापासून मुक्त करण्यासाठी लिहिले आहे.

प्रथम पदांची वाटणी करावी. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांनी ज्या दौलतीचा कारभार पाहिला तिच्यापुढे आपला दीड खोलीचा कारखाना नगण्य आहे, हे खरे. पण म्हणूनच त्यास आठांहून कमी प्रधान पुरतील असे मानणे हा मनाचा कोतेपणा होय. उधारीची वही सांभाळणाऱ्या मेहुण्यास मुजुमदार करावे, व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या मागण्या तपासणाऱ्या पुतण्यास सुरनिशी द्यावी, परदेशी पार्सले रवाना करणारा तो डबीर, आणि ज्याच्यापाशी स्कूटर आहे त्याची नेमणूक सरनोबत म्हणून आपोआपच होते. मालकाची दिनचर्या टिपून ठेवणारा वाकनीस मात्र कदापि वगळू नये. धनी दिवसभर नक्की करतो काय, हा प्रश्न घरातून वारंवार उपस्थित होतो आणि त्या वेळी लेखी पुरावा उपयोगी पडतो. आठ प्रधान आणि एक धनी मिळून नऊ होतात, ही रचना कायद्याच्या दृष्टीनेही सोयीची आहे. लोक अद्याप ज्याला गुमास्ता म्हणतात त्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०१७ च्या अवतारात इतके थोडे कामगार असलेल्या धंद्यास नोंदणी नको, नुसती सूचना पुरते. चकल्या करणाऱ्या बाईंना कोणते पद द्यावे, असा प्रश्न काही भाबडे लोक विचारतात. कोणतेही देऊ नये. पद मिळाले की माणूस बैठकीस येतो, आणि त्या बैठकीस आल्या तर कढईकडे पाहणार कोण?

यानंतर नियोजन. पंचवार्षिक योजना भिंतीवर लावावी, आणि तीत वाढीची रेषा डावीकडून उजवीकडे चढत जाईल याची दक्षता घ्यावी. या कामी भाजणीचा अडथळा संभवतो. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने हे सारे निरनिराळे आणि मंद आचेवर भाजावे लागते. मोहन जास्त पडले तर चकली तेलात विरघळते, कमी पडले तर दाताशी भांडते. आणि घाण्याचा अंदाज ज्या हाताला आहे तो हात एका दिवशी किती किलो उतरवील हे त्या हातालाच ठाऊक असते. सुज्ञ नेता या हाताला विचारीत नाही. तो गतवर्षीचा आकडा घेतो, त्याची दुप्पट करतो आणि दुपारी वामकुक्षी घेतो. दिवाळीच्या चार दिवस आधी वीस किलो चकली कमी पडते, तेव्हा तिला योजनेतील तूट न म्हणता मागणीचा उद्रेक म्हणावे.

वसुलीविषयी फार लिहीत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करावे असे २००६ चा कायदा सांगतो. परंतु सोसायटीच्या चेअरमनांनी नेलेल्या अनारशांचा लेखी करार कोणी केलेला नसतो.

विस्ताराची मोहीम मात्र तपशिलाने आखावी. चारकोपच्या धन्यास अटकेपार म्हणजे कांदिवली पूर्व. रेल्वेचे रूळ ओलांडून, महामार्ग पार करून ठाकूर व्हिलेजच्या मनोऱ्यांत चिवडा पोहोचविणे ही स्वारी सायंकाळच्या वाहतुकीत सरनोबताचे धैर्य खचविणारी असते. म्हणून मेट्रोचा विचार करावा. २ एप्रिल २०२२ रोजी धावू लागलेल्या गाडीने डहाणूकरवाडीस बसून, उत्तरेस दहिसरपर्यंत जाऊन, तेथून पुन्हा दक्षिणेस आकुर्लीस उतरता येते. शेजारच्या पेठेत असे वळसा घालून उतरणे यालाच व्यूहरचना म्हणतात.

आता एका खेदजनक अपवादाचा उल्लेख करणे भाग आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहा स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. आज मुद्रा योजनेच्या शिशु गटातही ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते, हे लक्षात घेता ती रक्कम किती अप्रतिष्ठेची होती हे सांगावयास नको. अष्टप्रधान नव्हते, भिंतीवर रेषा नव्हती; पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. देणग्या घ्यावयाच्या नाहीत, लाटणारी प्रत्येक स्त्री मालकीण समजावयाची, एवढ्याच बोलीवर ‘लिज्जत’ पापडांचा हा उद्योग हजारो स्त्रियांचा झाला, आणि २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या शास्त्राचा एकही नियम त्यांनी पाळला नाही, याची नोंद दुःखपूर्वक करतो. सर्वांत गंभीर बाब अशी की, ‘लिज्जत’च्या सभासदत्वाचा हक्क केवळ स्त्रियांना आहे, पुरुषांनी तेथे फार तर पगारी नोकर म्हणून राहावे.

ज्या धन्यांस ही व्यवस्था अपमानकारक वाटते त्यांनी वरील मार्गदर्शन पुन्हा एकदा वाचावे. ज्यांना वाटत नाही त्यांनी उद्या भाजणी दळून आणावी. दिवाळीपूर्वी गिरणीवर मोठी रांग लागते, तेव्हा सकाळी लवकर गेलेले बरे.